दप्तर कुणाचं?

न्हावा शेव्याच्या बंदरात कुठलीच वस्तू मुक्कामाला येत नाही. कंटेनर जहाजातून उतरतो, यार्डात लागतो, कस्टमचे कागद पुरे झाले की ट्रेलरवर नाहीतर मालगाडीवर चढतो आणि निघून जातो. दाराचं सील शाबूत आहे ना, एवढं पाहिलं की काम भागतं. आत काय आहे हे क्रेन चालवणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि असायची गरजही नसते. 26 मे 1989 रोजी हे बंदर सुरू झालं. देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांत आज त्याची गणना होते, आणि तो अभिमानाचा विषय आहे यात शंका नाही.

पण जिथं आज सारं येऊन जातं, तिथं पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून राहिलेली माणसं होती. खाजणाला बांध घालून खाऱ्या जमिनीतून भात काढणारे आगरी होते, उन्हातान्हात मिठागरं राबवणारे मजूर होते, भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ असलेले आणि खाडीत जाळी लावणारे कोळी होते. न्हावा पनवेल तालुक्यातलं, शेवा उरण तालुक्यातलं. खाडी मात्र दोघांची एकच. बंदर झालं तेव्हा शेवा कोळीवाड्यातली कुटुंबं उरणजवळ बोरी पाखाडीला हलवली गेली. नव्या वस्तीचं नाव हनुमान कोळीवाडा पडलं. तिथल्या घरांना वाळवी लागली. चौकटी पोखरल्या, वासे पोखरले, आणि एकदा उठलेल्या गावाला पुन्हा जागा मागण्याची वेळ आली.

वाळवी वासे खाते तशी ट्रंकेतले कागदही खाते. जुना सातबारा, मिठागराची पावती, लग्नातला फोटो, आजोबांच्या हातची हिशेबाची वही, यातलं काहीच ती वगळत नाही. म्हणून न्हावा शेव्याचा विचार करताना एक प्रश्न मनाला सारखा टोचत राहतो. जमिनीचा मोबदला मागता येतो, त्यासाठी मोर्चा काढता येतो. आठवणीचा मोबदला कुणाकडे मागायचा? आणि मागण्याआधी, ती आठवण सांभाळायची कुणी?

या प्रश्नाचं एक उत्तर फार दूरच्या देशात, एका माणसाच्या आयुष्यात सापडतं.

युझेफ इग्नात्सी क्राशेव्स्की याचा जन्म 28 जुलै 1812 रोजी वॉर्सा शहरात झाला. त्याआधी सतरा वर्षं, 1795 साली, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन बलाढ्य शेजाऱ्यांनी पोलंड वाटून घेतला होता. नेपोलियनच्या छायेतली थोडी वर्षं सोडली तर 1918 पर्यंत पोलंड नावाचा स्वतंत्र देश जगाच्या नकाशावर नव्हता. म्हणजे क्राशेव्स्की ज्या देशासाठी जन्मभर लिहीत राहिला, तो देश त्याला उभ्या आयुष्यात नकाशावर दिसला नाही.

विल्नोच्या विद्यापीठात शिकत असतानाच, 1830 च्या अखेरीस, रशियन सत्तेनं त्याला पकडलं आणि तुरुंगात टाकलं. सुटल्यावर तो व्होलिनियाच्या ग्रामीण भागात शेती करून राहिला. शेतीत त्याचा जीव फारसा रमला नाही, पण तिथूनच त्यानं 1841 ते 1851 अशी दहा-अकरा वर्षं ‘आथेनेउम’ हे नियतकालिक चालवलं. मजकूर खेड्यात तयार व्हायचा आणि अंक विल्नोला छापला जायचा. याच काळात त्यानं विल्नो शहराचा चार खंडांत इतिहास लिहिला. स्लाव लोकांच्या प्राचीन कलेवर त्याचं स्वतंत्र पुस्तक आहे. जोडीला कादंबऱ्या चालूच होत्या. त्या दोनशेंच्या वर भरल्या. 1876 मध्ये आलेली, अतिप्राचीन पोलंडची कथा सांगणारी ‘स्टारा बाश्न्य’ आजही पोलंडमध्ये वाचली जाते. तिच्यापासून सुरुवात करून त्यानं देशाचा सारा इतिहास क्रमानं कादंबऱ्यांत मांडायला घेतला आणि मरेपर्यंत अशा 29 कादंबऱ्या लिहिल्या. शाळेत मुलांना परक्यांचा इतिहास शिकवला जात होता. आपला इतिहास त्यांनी निदान घरी वाचावा, ही त्याची धडपड होती.

तो स्वतः चित्रं काढायचा, आणि पोलिश जुनी चित्रं, रेखाटनं, धातूच्या पत्र्यावरून छापलेली ठसेचित्रं जमवायचा. जुन्या घराचं, चर्चचं, पेहरावाचं, माणसाच्या चेहऱ्याचं चित्र दिसलं की ते त्याला हवं असायचं. कारण इमारत पडते, पेहराव बदलतो, माणूस जातो. चित्र राहिलं तर पुढच्याला कळतं की असं असं होतं. 1863 साली त्याला वॉर्सा सोडावं लागलं. तो जर्मनीत ड्रेस्डेनला गेला तो कायमचा परागंदा झाला. तिथं त्यानं आपल्या चित्रसंग्रहाची रीतसर सूची छापली. पुढं तो संग्रह त्याला विकावा लागला. जन्मभर जमवलेलं असं हातचं सोडून देताना त्याला काय वाटलं असेल, ते घर सोडलेल्या माणसाला सांगायला नको.

पण खरी थोर गोष्ट यानंतर घडली. 1879 च्या ऑक्टोबरात क्राकूव्ह शहरात त्याच्या लेखनाच्या पन्नास वर्षांचा सोहळा झाला. तीन राज्यांत विखुरलेले पोलिश लोक आपल्या एका लेखकासाठी एकत्र आले. देश नव्हता, सरकार नव्हतं, सैन्य नव्हतं. एक कादंबरीकार होता आणि त्याच्याभोवती सारी जनता जमली होती. त्याच सोहळ्यात हेन्रिक सिएमिराड्स्की या चित्रकारानं आपलं ‘निरोच्या मशाली’ हे प्रचंड चित्र क्राकूव्ह शहराला देऊन टाकलं. त्या एका देणगीवर शहरानं राष्ट्रीय संग्रहालय स्थापण्याचा ठराव केला. राष्ट्र अजून पारतंत्र्यात होतं आणि राष्ट्राचं संग्रहालय उभं राहिलं! सोहळ्यानिमित्त जमलेल्या पैशांतून क्राशेव्स्कीच्या पुढाकारानं 1882 साली ल्वूव्हला एक संस्था निघाली. सामान्य माणसाला परवडतील अशी पुस्तकं छापणं हे तिचं काम होतं. पुढं 1884 मध्ये जर्मन सरकारनं फ्रान्ससाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून त्याला माग्डेबुर्गच्या किल्ल्यात डांबलं. म्हातारपण आणि आजारपण पाहून त्याला बाहेर सोडलं गेलं; पण मायदेशी परतण्याआधीच, 19 मार्च 1887 रोजी, जिनिव्हात तो वारला. त्याचा देह मात्र क्राकूव्हला आणून विसावला.

आपल्याकडे पोलंड म्हटलं की कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवतं. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना 1943 ते 1948 या काळात तिथं आसरा मिळाला. त्यांतली काही मुलं म्हातारी होऊन 2019 साली पुन्हा वळिवड्याला आली, आणि तिथं स्मृतिस्तंभ उभा राहिला. सत्तर वर्षांनीही आपली छावणीतली जागा शोधत येणारी ही माणसं. आठवण हीच त्यांची स्थावर मालमत्ता होती.

आता आपल्या घरात पाहू. 1818 साली पेशवाई संपली. राज्य गेलं तसं राज्याचं दप्तरही इंग्रजांच्या ताब्यात गेलं. पुण्याच्या पेशवे दप्तरात सामान्य अभ्यासकाला पुढं कितीतरी काळ सहज पाऊल टाकता येत नव्हतं. त्यातले निवडक कागद इतिहासकार सरदेसायांच्या संपादनाखाली 45 भागांत छापून आले ते 1930 च्या दशकात. मग मराठ्यांचा इतिहास लिहायचा तरी कशावरून? ज्यांना तो लिहायचा होता त्यांनी सरदार-जहागीरदारांच्या, फडणीस-चिटणिसांच्या, देशमुख-कुलकर्ण्यांच्या वाड्यांकडं मोर्चा वळवला. माळ्यावर, धान्याच्या कणगीमागं, देवघराच्या फडताळात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पडलेले असायचे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे न्हावा शेव्याच्याच रायगड जिल्ह्यातल्या वरसईचे. वाईला सापडलेल्या कागदांवरून त्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि मग उभं आयुष्य कागदांच्या मागं पायपीट केली.

याच पिढीतले साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस. क्राशेव्स्कीशी ज्यांचं नातं जोडावंसं वाटतं ते हेच. जन्म 1870 चा. विद्यापीठाची पदवी पदरी नव्हती, पण छापखान्याची आणि जुन्या कागदांची ओढ लहानपणापासूनची होती. 1894 मध्ये, म्हणजे सत्तावनच्या बंडाची धग अजून पुरती निवाली नव्हती त्या काळात, त्यांनी झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचं मराठी चरित्र लिहिलं. कादंबरीकार हरि नारायण आपटे यांच्या सोबतीनं ‘भारतवर्ष’ मासिक चालवलं. एकजण शिवकालाच्या कादंबऱ्या लिहीत होता, दुसरा त्या काळाचे कागद धुंडाळत होता. 1908 पासून ‘इतिहाससंग्रह’ काढलं आणि त्यातून महिन्यामागं महिना अस्सल कागद छापले. इंग्रज अधिकारी किंकेड यांच्यासह मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहिला. मराठ्यांच्या आरमारावरही त्यांनी पुस्तक लिहिलं. म्हणजे न्हावा शेव्यासमोरच्या याच पाण्याला त्यांनी इतिहासात जागा दिली.

मेणवलीला कृष्णेकाठी नाना फडणविसांचा वाडा आहे. नानांच्या खाजगी दप्तराचा मोठा भाग तिथं होता. हे मेणवली दप्तर पारसनिसांनी मिळवलं. या कागदांतलं एखादं मोडी पत्र जवळून पाहावं. जाड, हातानं केलेला कागद. माथ्यावर ‘श्री’. मग कागदभर आडवी रेघ ओढून तिला लोंबकळत गेलेली बोरूची अक्षरं. लिहिणारा हात उचलतच नाही, शब्द शब्दाला चिकटून पळत असतो. शेवटी मोर्तब, म्हणजे पत्र संपलं असं सांगणारा शिक्का, जेणेकरून खाली कुणी आणखी ओळ घुसडू नये. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनानं खोटेपणाला आत शिरायला फट ठेवली नव्हती. शाई वाळावी म्हणून टाकलेल्या वाळूचा एखादा कण अजून घडीत सापडतो. असे शेकडो कागद उलगडायचे, वाचायचे, तारीख लावायची, पुन्हा त्याच घडीवर घालून सुती रुमालात बांधायचे. ही तपश्चर्याच आहे. आणि तिला टाळ्या मिळत नाहीत.

पारसनिसांनी कागदांवरच समाधान मानलं नाही. त्यांनी चित्रं जमवली, नकाशे जमवले, जुन्या वस्तू जमवल्या. त्यांच्या संग्रहासाठी साताऱ्यात सरकारनं इमारत बांधली आणि 1925 साली ऐतिहासिक संग्रहालय उघडलं. पुढच्याच वर्षी, 31 मार्च 1926 रोजी, ते गेले. जणू ठेव योग्य जागी पोचवण्यासाठीच थांबले होते. 1939 मध्ये हा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला आणि आजही तिथं संशोधकांच्या उपयोगी पडतो.

क्राशेव्स्की काय किंवा पारसनीस काय, लिहिणं, शोधणं आणि जमवणं ही तीन कामं त्यांनी वेगळी मानलीच नाहीत. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नुसती गोष्ट सांगत राहिलं तर दोन पिढ्यांत तिची दंतकथा होते. नुसते पुरावे गोळा केले तर त्यांची यादी होते, आणि यादीवर कुणाचा जीव जडत नाही. नुसत्या वस्तू जमवल्या तर त्या दिवाणखान्याची शोभा होतात. गोष्टीनं वस्तूला आवाज दिला, पुराव्यानं गोष्टीला लगाम घातला आणि वस्तूनं पुराव्याला स्पर्श दिला, की त्याला समाजाची स्मृती म्हणता येतं.

ही स्मृती आपण सांभाळली नाही तर दुसरा कुणीतरी सांभाळतो, आणि मग ती त्याची होते. न्हावा शेव्यासमोर पाण्यात घारापुरी दिसते. तिच्या किनाऱ्याजवळ दगडाचा एक मोठा हत्ती होता. त्याच्यावरूनच परक्यांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिलं. 1864 साली तो उचलून विलायतेला न्यायचा प्रयत्न झाला. उचलताना हत्ती कोसळून फुटला. फुटला म्हणून राहिला! तुकडे मुंबईत आले, पुढं सांधले गेले, आणि आज तो भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. त्याहीआधी, सवाई माधवरावांच्या काळात, जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला होता. त्याच्याबरोबर आणि इंग्रज रेसिडेंट मॅलेट याच्यासाठी पुण्याचा गंगाराम तांबट चित्रं काढत असे. वेरूळची लेणी त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहून रेखाटली. वेल्स 1795 मध्ये हिंदुस्थानातच वारला. गंगारामाची चित्रं मॅलेटच्या घरी गेली आणि आज ती अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. ती तिथं उत्तम जपली आहेत, आणि त्याबद्दल कृतज्ञ राहायला हवं. पण ज्या पुण्याचा गंगाराम, त्या पुण्यातल्या मुलाला त्याची रेघ पाहायला सातासमुद्रापार जावं लागतं, याचं दुःखही खरं आहे.

म्हणून जपण्याइतकंच कुठं जपायचं हेही मोलाचं आहे. साताऱ्याचा संग्रह पुण्याला आला, सुरक्षित झाला, अभ्यासकांना जवळ आला. सातारकरांपासून मात्र लांब गेला. याच्या शेजारी औंधचं उदाहरण ठेवावं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि लेखक होते. त्यांनी देशोदेशीची चित्रं आणि शिल्पं जमवली, आणि 1938 साली त्यांच्यासाठी संग्रहालय बांधलं ते मुंबईत नाही, पुण्यात नाही. यमाईच्या डोंगरावर, आपल्या औंध गावातच. रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प पाहायला जगाला सातारा जिल्ह्यातल्या खेड्याची वाट धरावी लागते. योगायोग असा की त्याच सुमारास औंध संस्थानात ग्रामराज्याचा जो प्रयोग झाला, राजानं आपली सत्ता रयतेच्या हाती सोपवली, त्यात गांधीजींबरोबर एका पोलिश माणसाचाही हात होता. वॉर्सात जन्मलेले मॉरिस फ्रीडमन हे ते. बाळासाहेबांनी राज्य रयतेला दिलं आणि कला गावाला दिली. दोन्हींच्या मुळाशी एकच भावना होती: हे माझं नाही, मी फक्त सांभाळतो आहे.

संग्राहकाची खरी कसोटी हीच. जमवण्यात आवड असते, हौस असते, कधी अहंकारही असतो. देताना मात्र माणूस मालकी सोडून विश्वस्त होतो. पुण्यातले कवी अज्ञातवासी, म्हणजे दिनकर गंगाधर केळकर, यांनी उभं आयुष्य आणि घरातला पैसा खर्चून अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, कोरीव दरवाजे जमवले. पाय घासायच्या पितळी वज्रीवर कुणा अनाम कारागिरानं पक्ष्यांची जोडी का बसवली असेल, हे त्यांना जाणून घ्यावंसं वाटलं. इतरांनी तलवारी शोधल्या. केळकरांनी स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, माजघरात वावरलेल्या हातांचं कौशल्य शोधलं. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि सारं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलं. एका घरातलं दुःख साऱ्या महाराष्ट्राची ठेव झालं.

केळकरांनी एक दार उघडून दिलं आहे. स्मृती राजवाड्यातच असते असं नाही. ती वज्रीत असते, दिव्यात असते. मग ती डोल जाळ्याच्या दोरात का नसावी? खारबांधाच्या उघाडीच्या फळीत, मिठागरात मीठ ओढायच्या फावडीत, वल्ह्याच्या गुळगुळीत झालेल्या मुठीत का नसावी? आगरी लग्नात धवला गाणाऱ्या धवलारणी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं एक सबंध विधिशास्त्र त्यांच्या गळ्यात आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बायांनी शेकडो ओळी डोक्यात वागवल्या. क्राशेव्स्कीनं जे काम लेखणीनं केलं, ते त्यांनी आवाजानं केलं. एक धवलारीण गेली की एक ग्रंथालय बंद होतं, आणि त्याची सूची कुणी छापलेली नसते.

आणि या मातीला तर अलीकडचा रक्ताचा इतिहास आहे. 25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर जासई आणि नवघर परिसरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व त्या लढ्यातून पुढं आलं. हुतात्म्यांची स्मारकं आहेत, दरवर्षी अभिवादन होतं. पण त्या मोर्च्यांची पत्रकं कुठं आहेत? घराघरांतल्या नोटिसा, निवेदनांच्या कार्बन प्रती, रात्री बैठकीत गायलेली गाणी, अंगावर लाठी झेललेल्या बायांच्या तोंडची हकीगत कुठं आहे? पेशव्यांचं दप्तर इंग्रजांच्या कुलपात होतं, म्हणून राजवाडे-पारसनिसांनी घरांचे उंबरे झिजवले. आपलं दप्तर तर कुणी कुलपात ठेवलेलं नाही; ते आपल्याच माळ्यावर आहे. अडवणारं कुणीच नाही. वेळ मात्र हातातून जातो आहे, कारण ज्यांनी जुनं शेवा पाहिलं, जुन्या खाडीत होडी घातली, ती माणसं आता थकली आहेत.

12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झालेल्या सागरी सेतूवरून आता शिवडीहून न्हावा शेव्याला काही मिनिटांत येता येतं. विमानतळ, रस्ते, टॉवर, सारं वेगानं वाढतं आहे. बदल थांबवावा असं इथल्या कुणाचंच म्हणणं नाही. इथल्या मुलांना नोकरी हवी, दवाखाना हवा, चांगली शाळा हवी. पण ज्या मुलाला आपल्या आजोबांची खाडी कुठं होती हे सांगता येत नाही, त्याला स्वतःच्याच गावात उपरं वाटायला वेळ लागत नाही. आठवण ही प्रगतीची वैरीण नाही. उलट, आपण कोण होतो हे ज्याला माहीत आहे, तोच नव्या जगात ताठ मानेनं उभा राहतो, तोच आपला हक्क नेमक्या शब्दांत आणि नेमक्या कागदानिशी मागू शकतो. पोलंडनं सव्वाशे वर्षांनी आपला देश परत मिळवला, तेव्हा त्याच्या हाती आपली भाषा, आपल्या कथा आणि आपलं संग्रहालय तयार होतं. ते आधी सांभाळलेलं होतं, म्हणून पुढचं मिळवताना आपण काय मिळवतो आहोत हे त्याला कळत होतं.

यासाठी राजा असावं लागत नाही, पदवी लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. शाळेतली एक खोली चालेल, देवळाच्या सभामंडपाला लागून असलेलं एक कपाट चालेल, ग्रामपंचायतीचा एक कोपरा चालेल. जुना फोटो हाती आला तर मागं मऊ पेन्सिलीनं डावीकडून उजवीकडे नावं लिहावीत, साल लिहावं, कुणाच्या घरचा ते लिहावं. बॉलपेन टोचून वापरू नये. कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत, कोकणच्या दमट हवेत ते घामेजतात. धुतलेल्या सुती कापडात सैल बांधावेत आणि जमिनीपासून, भिंतीपासून दूर ठेवावेत. जुन्या दप्तरदारांची रुमालाची रीत उगीच नव्हती. धवलारीण गात असेल तर मोबाइलवर तिचं गाणं पुरं ध्वनिमुद्रित करावं, आणि तिचं नाव, गाव आणि वय तिच्याच आवाजात आधी घ्यावं. वस्तू कुणी दिली, तिचं इथं काय काम होतं, ती कशी वापरत, हे तिच्याजवळ लिहून ठेवावं. हे करणारा माणूस कादंबरीकार असेल, इतिहासकार असेल किंवा कंटेनर यार्डात पाळीवर जाणारा कामगार असेल. काम तेच आहे आणि तितकंच मोठं आहे.

तेव्हा आजच्या दिवसासाठी एवढंच ठरवू या. संध्याकाळी घरी गेल्यावर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसायचं, एक जुनी वस्तू किंवा एक जुना कागद मधे ठेवायचा आणि विचारायचं, ‘हे कुणाचं? कधीचं? कसं आलं?’ जे कळेल ते तारीख घालून लिहायचं. आणि लिहून झालं की ते आपल्या कपाटात न अडकवता गावाच्या स्वाधीन करायचं. कारण दप्तर लिहिणाऱ्याचं नसतं, जमवणाऱ्याचं नसतं, ते ज्यांच्या जगण्यातून उभं राहिलं त्या माणसांचं आणि त्यांच्या नातवंडांचं असतं.